चेहरा घेऊन ये

१२ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, पण कपाळावर आठी ठेवून केलाय.

तू फोन उचलायचाच नाही असं ठरवलंस, म्हणून मी कागद हातात घेतला. कंपनीच्या पत्त्यावर टाकलं की पुढच्या बंदरात जहाजाच्या टपालात पोचेल, असं त्यांच्या ऑफिसातली बाई म्हणाली. वाचणार नाही असं तू कितीही म्हण. माझं अक्षर दिसलं की इंजिनरूमच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन तू हे उघडशीलच.

पहिली गोष्ट, तुझी लेक धडधाकट आहे. दुसरी गोष्ट, तू नको म्हणाला होतास ते तिनं सुरू केलंय, आणि मी तिच्यासोबत जाते आहे. आता खुशाल चिड.

त्या दिवशी जेवताना काय झालं ते मी तिथेच बसून पाहिलंय. खारू म्हणाली, मुरुमांनी गालांवर जे खड्डे पडलेत त्यांच्यावर उपचार घ्यायचेत, त्वचेचे डॉक्टर पील करतात. तू विचारलंस, पील म्हणजे काय. ती म्हणाली, सौम्य ॲसिड लावून वरचा थर सोलून काढतात, खालून नवी त्वचा येते. ॲसिड शब्द ऐकल्यावर तुझा चमचा जो खाली आला तो आलाच. "माझ्या तोंडावरही हेच खड्डे आहेत. माझं काय अडलं?" आणि मग ते दुसरं वाक्य. "माझ्यासारखी दिसतेस याची लाज वाटते का तुला?" पोर गप्प बसली. तू त्या गप्प बसण्याचा तुला हवा तो अर्थ लावलास आणि पहाटे तिला न उठवता बॅग उचलून गेलास.

काय अडलं म्हणे. दाढी कधीपासून ठेवलीस आणि कशासाठी, हेही तेव्हाच सांगून टाकायचं होतंस. जहाजावरची सवय म्हणून जगाला सांग, मला नको. तू आरशासमोर उभा राहून आईची पावडर गालात भरायचास तेव्हा मी दाराआड उभी असायची.

ती गप्प का बसली ते आता ऐक. वहिनी गेल्यापासून तू अर्धं वर्ष समुद्रावर, मी आपल्या लाँड्रीच्या दुकानात काउंटरवर, आणि खारू आपल्या इस्त्रीकाकांच्या टेबलापाशी. काकांना ऐकू येत नाही, बोलताही येत नाही, तर ही त्यांच्याशी हातांनी बोलायला शिकली. आपण म्हणायचो, पोरीला खेळ सापडला. तो खेळ नव्हता, दादा. ती आता त्या भाषेत आपल्या दोघांपेक्षा जास्त बोलते, आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते म्हणजे किती ते तुला माहीत आहे. शहरात कर्णबधिर लोकांचं एक मंडळ आहे. मोठ्या सरकारी दवाखान्यात ऐकू न येणारे पेशंट येतात, त्यांच्यासाठी दुभाषी कोण असावा ते हे मंडळ ठरवतं. वर्षातून एकदा मार्चमध्ये चाचणी असते. गेल्या मार्चमध्ये खारू चाचणीला गेली होती. आपल्याला दोघांनाही पत्ता लागू दिला नाही.

तिला परत पाठवलं. मंडळाच्या अध्यक्ष एक शिक्षिका आहेत, त्यांनाही ऐकू येत नाही. त्यांनी खारूला सांगितलं की तुझे हात सुंदर आहेत, पण चेहरा कुठे आहे? त्यांच्या भाषेत हात शब्द सांगतात. तो प्रश्न आहे, की नकार, की शंका, हे चेहरा सांगतो. आणि आपली पोर दोन्ही गालांवर केस सोडून, मान खाली घालून उभी. समोरच्याला अर्धं वाक्यच पोचेना. पुढच्या वर्षी चेहरा घेऊन ये, असं म्हणाल्या बाई.

म्हणून तिला पील हवंय. लग्नासाठी नाही, फोटोसाठी नाही, आणि तुझ्यासारखं दिसू नये म्हणून तर मुळीच नाही. हे तिनं मला नंतर रडत सांगितलं, आणि तुला सांगायचं नाही असं बजावलं. म्हणून सांगते आहे.

तुझी,
ठकी


६ नोव्हेंबर

दादा,

उत्तर आलं नाही. मी अपेक्षा केली होती असंही नाही.

आज तुला डॉक्टरीणबाईंबद्दल लिहिते. मी गेले होते भांडायच्या तयारीनं. वाटलं होतं, गुळगुळीत गालांच्या बायकांचे फोटो भिंतीवर असतील, आधीचा आणि नंतरचा, आणि बाई गोड बोलून आपल्याला गुंडाळतील. भिंतीवर एक घड्याळ आणि हात धुण्याची पद्धत सांगणारा कागद, एवढंच. बाई माझ्याच वयाच्या, बारीक, केस आखूड, आणि बोलणं असं तुटक की रद्दीवालाही घासाघीस करायला धजणार नाही. त्यांनी खारूला तोंड धुवून यायला सांगितलं, खिडकीला बाजू करून बसवलं आणि बाजूच्या उजेडात तिचा एकेक गाल पाहत राहिल्या. इतका वेळ, की मी दोनदा घसा खाकरला.

मग म्हणाल्या, "आज पील करणार नाही."

का, तर हनुवटीवर दोन ताजे फोड होते. घरात पाहुणे येत असताना भिंती रंगवायच्या नसतात म्हणे, आधी येणं थांबवू. मग त्यांनी तिच्या हातात आरसा दिला आणि बोटानं दाखवत गेल्या. हे काळे डाग आहेत, हे पीलनं बरेच जातील. हे उथळ खड्डे, यांच्या कडा बोथट होतील. आणि हे जे सुईनं टोचल्यासारखे खोल आहेत, त्यांच्यावर वेगळं काहीतरी करावं लागेल आणि तरी पूर्ण भरणार नाहीत. "माझ्याकडून गुळगुळीत गाल मिळणार नाहीत. तशी जाहिरात करणारे आहेत, पत्ता हवा तर देते."

खारूचा चेहरा पडला. मला मात्र तिथेच बाई आवडल्या. चाळीस वर्षं डाग काढते आहे मी, दादा. जो धोबी म्हणतो की सगळं निघेल, तो तुमचा कपडा फाडणार हे ठरलेलं असतं.

रात्री लावायचं एक मलम दिलं, ते वाटाण्याच्या दाण्याएवढंच. सकाळी उन्हापासून बचावाचं क्रीम, आभाळ असो नसो. काही आठवड्यांनी फोड थांबले तेव्हा बाईंनी तिच्या कानामागे कापसानं जरासं ॲसिड लावलं आणि पाठवून दिलं घरी. नंतर या म्हणाल्या, ही त्वचा कशी वागते ते आधी बघू. आपल्या सावळ्या रंगाला जास्त जपावं लागतं, रागावली तर काळी पडते. मी मनात म्हटलं, अगदी बरोबर. नवा द्राव आला की आपणही कोटाच्या आतल्या शिलाईवर थेंब टाकून बघतो, कॉलरवर नाही.

आणि मी काही तिथे स्वतःला दाखवून घ्यायला गेले नव्हते. फक्त सोबत बसते मी.

ठकी


२९ नोव्हेंबर

दादा,

पहिलं पील झालं. आपली पोर वाघीण आहे.

बाईंनी तिचे केस पट्टीखाली बांधले, ओठांच्या आणि नाकपुड्यांच्या कोपऱ्यांत व्हॅसलिन लावलं, डोळ्यांवर ओला कापूस. मग एका पसरट ब्रशनं कपाळापासून सुरुवात. बाटलीतून वास येत होता तो व्हिनेगरच्या भावकीतला. खारूच्या हातात एक छोटा पंखा दिला होता. बाई तिच्या गालांवरून नजर हलवत नव्हत्या आणि बोलत होत्या. "आता चावेल. मुंग्या येतील. आणखी थोडं. कुठे जास्त जळतंय? बोट दाखव." माझ्याकडे बघितलं असतं तर कळलं असतं की मीच खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. मग गार पाण्याच्या घड्या ठेवून सगळं उतरवलं. चेहरा लाल, जसा तुझा बॉयलरपाशी होतो तसा. मी म्हटलं, दुखलं का गं. ती म्हणाली, "आत्या, पंखा तुझ्याकडे कर जरा. तुला घाम आलाय."

खरं काम नंतरचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साध्या साबणानं हलकं धुवायचं, टिपायचं, पुसायचं नाही. दिवसभर ओलावा देणारं क्रीम. ऊन नाही, शेगडी नाही, वाफ नाही. वाफ नाही म्हटल्यावर खारूनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आपलं अख्खं दुकान वाफेवर चालतं. मग तिला दुकानात यायला बंदी. दोन दिवसांनी चेहरा ताणला, तपकिरी झाला आणि ओठांभोवती सुटायला लागला. घरभर हिंडायची ती, आरशांवर टॉवेल टाकून. इस्त्रीकाका भेटायला आले, तिला नीट बघितलं आणि हातांनी म्हणाले, साप झालीस का. ती इतकी हसली की गाल दुखला म्हणून थांबली.

खालून जे आलं ते दादा, मी काय सांगू. खड्डे आहेत तिथेच आहेत. पण वरचा जो कळकट रंग होता, सतत आजारी असल्यासारखा, तो गेला. मला तिच्यात आपली आई दिसली. हे मी तिला सांगितलं नाही, तुला सांगते.

ठकी


२१ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं का त्याला? इतक्या महिन्यांनी दोन शब्द, "कुठलं ॲसिड?" जहाजावर शाईची टंचाई आहे का?

पण मी ते कार्ड तीनदा वाचलं, हे लपवत नाही.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हटलं, हिचे वडील इंजिनियर आहेत, ॲसिडनं पाइपांतला गाळ काढतात, त्यांना नाव आणि ताकद दोन्ही हवंय. मला वाटलं, चिडतील. बाई हसल्या, पहिल्यांदाच, आणि कागदावर लिहून दिलं. तो कागद सोबत जोडला आहे. पुढे म्हणाल्या, "त्यांना सांगा, प्रश्न बरोबर आहे. ताकदीपेक्षाही किती वेळ ठेवायचं आणि कधी थांबायचं, त्याच्यावर सगळं आहे. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल." तर बघ, जिच्या उपचाराचं नाव ऐकूनच तू तोंड फिरवून गेलास तिनं तुला मान दिला.

दुसरं पील झालं. आणि पुढच्या खेपेला खोल खड्ड्यांचं काम आहे. दात कोरायची लाकडी काडी असते ना, ती बाई स्वतः तासून आणखी टोकदार करतात. तिचं टोक जास्त कडक ॲसिडमध्ये बुडवायचं आणि एकेका खड्ड्याच्या तळाला टेकवायचं, कडेला लागू द्यायचं नाही. तिथे पांढरा ठिपका उमटतो. मग शरीर तो तळ हळूहळू स्वतः भरून काढतं. मी त्यांना काडी तासताना पाहिलं. भिंगातून बघतात, एक तासली की दुसरी, मनासारखी झाली नाही की टाकून देतात. आपल्याकडे रफू करायला बसायचे ते म्हातारे आठवले, ते असेच टाके उसवायचे.

खारू आता एका कानामागे केस घालते. दोन्ही नाही, एकाच. तिला अजून एक भीती आहे, ती परवा भांडी पुसताना बोलली. या मंडळात एक पद्धत आहे. नवा माणूस पास झाला की सगळे मिळून त्याला खुणेचं नाव देतात, आणि पुढे जन्मभर तेच नाव. जे आधी डोळ्यांत भरतं त्याच्यावरून देतात. कुणाचं टक्कल, कुणाचं मोठं नाक. वाईट मनानं नाही, त्यांच्यात ती सरळ गोष्ट आहे. काकांचं नाव आहे वाकडी करंगळी, आणि ते ऐटीत सांगतात. खारू म्हणाली, "मला काय नाव मिळणार ते मला माहीत आहे, आत्या." आणि बोटांची टोकं गालावर टपटप वाजवून दाखवली. "मला रोज त्या नावानं हाक मारतील. मार्चपर्यंत निदान दुसरं काहीतरी आधी दिसायला हवं."

मी पुसलेली भांडीच परत पुसत बसले.

माझ्या हातांना भेगा पडल्या होत्या सोड्यानं आणि द्रावांनी, त्यावर बाईंनी मलम दिलंय. मागितलं नव्हतं मी. त्यांनीच माझा हात पकडला.

ठकी


२५ जानेवारी

दादा,

सगळं ठीक आहे. काडीचं काम झालं. दुकानात गर्दी आहे म्हणून थोडक्यात लिहिते. तब्येतीला जप.

ठकी


९ फेब्रुवारी

दादा,

मागचं पत्र खोटं होतं. तू ओळखलं असशील, कारण मी आयुष्यात कधी थोडक्यात लिहिलेलं नाही.

काडीच्या कामानंतर गालांवर बारीक खपल्या धरल्या. त्या आपोआप पडू द्यायच्या, हात लावायचा नाही, बाईंनी चार वेळा सांगितलं होतं. खारूनं पाळलंही. पण एका दुपारी आरशासमोर उभी असताना डाव्या गालावरचं साल अर्धं सुटलेलं दिसलं. दादा, ती आपल्या दुकानात वाढली आहे. अर्धा सुटलेला डाग वाळू द्यायचा नाही, ओला आहे तोवर लगेच काढायचा, नाहीतर कायमचा बसतो, हे तिनं बोलायला यायच्या आधी पाहिलंय. तिनं टॉवेलचा कोपरा भिजवला, बोटावर गुंडाळला, आणि कडेकडून मध्ये, कडेकडून मध्ये, अगदी मी शिकवलं तसं हलक्या हातानं चोळलं. डोकं दुसरीकडेच होतं म्हणे. लाल ओलं दिसलं तेव्हा भानावर आली.

आता तिथे डाग आहे. जांभळट काळा, मोठ्या बटणाएवढा. खड्डे होते त्यापेक्षा दहा पटींनी जास्त दिसणारा.

ती दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. केस पुन्हा गालांवर. चाचणीला जाणार नाही म्हणाली. मी ओढत नेलं तिला डॉक्टरीणबाईंकडे. रस्ताभर मी बाईंच्या वतीनं तिला झापत होते, म्हटलं, त्यांनी झापायच्या आत मीच उरकून घेते.

बाई रागावल्या नाहीत. डाग पाहिला, हे कसं झालं ते तिच्याच तोंडून ऐकलं. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घरी काम कसलं चालतं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. हात लावू नको म्हणून भागत नाही. कुणाचे हात आहेत ते बघावं लागतं."

आणि ऐक, संध्याकाळी बाई दुकानात आल्या. चपला काढून आत, आपल्या डाग काढायच्या टेबलापाशी. म्हणाल्या, मला दाखवा. एका शर्टावर शाईचा डाग होता, तो मी त्यांच्यासमोर काढला. त्या वाकून बघत होत्या, मध्येच विचारत होत्या की आता का थांबलात, आता खालचं कापड का बदललंत. एवढ्या शिकलेल्या बाई, पण मला काही समजावून सांगायला आल्या नव्हत्या, शिकायलाच आल्या होत्या. शेवटी खारूला म्हणाल्या, "तुझे हात हुशार आहेत, ते ऐकणार नाहीत. त्यांना दुसरं काम दे. खाज आली, साल दिसलं, की क्रीमची डबी उचलायची आणि त्याच्यावर आणखी एक थर द्यायचा. काढायचं नाही, झाकायचं. तुमच्या भाषेत सांगू का? हा कपडा अजून मशीनमध्ये आहे. दार उघडायचं नाही." इस्त्रीकाकांना खारूनं हे हातांनी सांगितलं, तर त्यांनी मान डोलावली आणि बाईंसाठी स्वतःचं स्टूल पुसून पुढे केलं. ते स्टूल त्यांनी मला कधी दिलेलं नाही.

डाग जाईल म्हणाल्या. क्रीम आहे, ऊन टाळायचं, पण महिने लागतील, मार्चच्या आत नाही. खारूनं विचारलं, एक हलकं पील लवकर केलं तर? बाई नाही म्हणाल्या. मी विनवलं, जरा जास्त पैसे, हे ते, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी पर्स बंद केली. "रागावलेल्या त्वचेला मी पुन्हा चिडवणार नाही. तिचं आयुष्य मार्चला संपत नाही." त्वचा भरून आली की वरून रंग लावून डाग झाकता येईल, ते सुरक्षित आहे, झाकायचा की नाही ते तिनं ठरवायचं, एवढं म्हणाल्या.

म्हणजे हे सगळं केलं, आणि ती चाचणीला आधीपेक्षा वाईट गाल घेऊन जाणार. गेली तर. मला झोप लागत नाही. तू इथे असतास तर तुझ्याशी भांडता तरी आलं असतं.

ठकी


२० मार्च

दादा,

काल चाचणी झाली. खुर्चीवर नीट बस आणि वाच.

सकाळी ती आरशासमोर होती. झाकायचं क्रीम मी आणून ठेवलं होतं, तिच्या रंगाचं, तीन दुकानं फिरून. तिनं थोडं बोटावर घेतलं, गालाला लावलं, बघितलं आणि धुऊन टाकलं. म्हणाली, "आत्या, घामानं उतरलं तर माझं सगळं लक्ष तिकडे राहील. आज मला लक्ष दुसरीकडे हवंय." उन्हाचं क्रीम तेवढं लावलं, शिस्तीत. मग केस सगळे मागे घेऊन घट्ट बांधले. दादा, तिचे दोन्ही कान एका वेळी मी कित्येक वर्षांनी पाहिले.

मंडळाचा हॉल म्हणजे जुन्या शाळेची एक मोठी खोली. ट्यूबलाइट अशा की काही लपू नये म्हणूनच लावल्यासारख्या. तिथे अंधारात कुणी बोलूच शकत नाही ना. चाळीसेक माणसं असतील. मी मागे इस्त्रीकाकांशेजारी बसले. इतक्या वर्षांत मला त्यांच्या खुणा निम्म्या कळतात, उरलेलं काका माझ्या तळहातावर बोटानं लिहून सांगत होते.

दवाखान्यातले एक खरे डॉक्टर बोलावले होते, आणि एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना ऐकू येत नाही आणि ज्यांचं हृदय कमजोर आहे. तेही खरेच पेशंट. खारूनं दोघांच्या मध्ये उभं राहायचं. डॉक्टर भराभरा बोलणारे, गोळ्यांची नावं, कधी घ्यायच्या, कधी नाही. आणि खारू, काय सांगू मी तुला. ती तोंडानं एक शब्द बोलत नव्हती आणि तिचा चेहरा थांबत नव्हता. "दुखतंय का" म्हणताना सगळा चेहरा विचारायचा. "हे अजिबात खायचं नाही" म्हणताना गाल आत जायचे, ओठ मिटायचे, म्हाताऱ्यांनी ते बघून लगेच हात मागे घेतला. तो जांभळा डाग गालासोबत वर-खाली होत होता आणि तो मला दिसायचा बंद झाला. मी शपथेवर सांगते, मधे कधीतरी तो मला दिसायचा बंद झाला.

एका ठिकाणी डॉक्टर म्हणाले, दोन्ही गोळ्या सकाळी; आधी एक रात्रीची म्हणाले होते. खारू थांबली. त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, काही न बोलता. डॉक्टर म्हणाले, "काय झालं?" आणि कागद पाहून, "नाही नाही, एक सकाळी, एक रात्री. बरं झालं थांबलात." खारूनं ते हातांनी सांगितलं तेव्हा सगळ्या हॉलनं दोन्ही हात वर करून हलवले. त्या लोकांच्या टाळ्या अशा असतात.

ती पास झाली. लगेच सांगितलं.

मग नाव. सगळे गोल करून उभे राहिले आणि ती मध्ये. मला माझेच हात कुठे ठेवावेत कळेना. समोरच्या एका तरुणानं सहज, जसं आपण हवापाण्याचं बोलतो तसं, बोटांची टोकं गालावर वाजवली. टपटप. आलंच ते. मी खारूकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. उभी राहिली तशीच, केस मागे, डाग पुढे.

अध्यक्षबाईंनी हातानं ते खोडून काढलं. त्यांनी मागे उभ्या असलेल्या एका सुताराकडे बोट दाखवलं आणि मग खिडकीजवळच्या एका बाईंकडे, पोस्टात काम करतात त्या. दोघांनी हात वर केले. दोघांच्याही गालांवर खड्डे. काकांनी माझ्या तळहातावर लिहिलं, ते नाव आधीच दोघांचं आहे, तिसऱ्याला दिलं तर हाक कोणाला मारली ते कळणार नाही. दादा, वर्षभर पोर ज्या नावाला घाबरून होती, ते शिल्लकच नव्हतं. खारूनं तोंडावर हात न ठेवता, सगळ्यांसमोर, पोट धरून हसायला सुरुवात केली. सुतार आणि पोस्टातल्या बाई तिच्याकडे बघून मान डोलावत होते, आपल्यातलीच म्हणून.

मग अध्यक्षबाई पुढे आल्या. त्यांनी तर्जनी स्वतःच्या डाव्या भुवईखाली लावली आणि ती एकच भुवई वर उचलली. बस. बाकीच्यांनी क्षणभर आठवून पाहिलं, आणि मग एकेक जण तसंच करायला लागला. अख्खी खोली एकेक भुवई वर करून तिच्याकडे बघत होती. डॉक्टर गोळ्यांचं चुकले तेव्हा ती अशी बघत होती म्हणे, आणि आणखी कितीतरी वेळा. मी इतकी वर्षं रोज तिचं तोंड बघते, पण केसांमागे काय चाललंय ते मला तरी कुठे दिसत होतं.

वहिनीची भुवई कधी अशी उडाली नाही. माझी उडत नाही, मी काल रात्री आरशासमोर प्रयत्न करून पाहिला, दोन्ही एकदमच वर जातात. आईची नाही, नानांची नाही. आपल्या घरात अशी डावी भुवई एकाच माणसाची उडते. गणिताचं उत्तर माझं चुकलं की उडायची. पीलचं ऐकलंस तेव्हाही उडाली होती, चमचा खाली ठेवायच्या आधी.

तिला हे मी घरी येताना सांगितलं. तिनं बोटानं डावी भुवई चाचपली. मग म्हणाली, "बाबांना मी गप्प बसले होते त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. हेच कळव."

म्हणून कळवते. तिथल्या एकाही माणसानं तुला कधी पाहिलेलं नाही, दादा. आणि आजपासून दवाखान्यात, रस्त्यात, गर्दीत, तुझ्या मुलीला हाक मारायची असली की त्यांना तुझा चेहरा करावा लागतो.

ठकी